तोंडाने त्यांचे, मनात आपले



आमच्या शाळेत गुरुवारी तिसऱ्या तासाची घंटा झाली की इयत्ता तिसरीच्या वर्गाचे दोन भाग होतात. ख्रिस्ती मुले पुस्तके घेऊन सिस्टरांच्या मागे शेजारच्या खोलीत धर्मशिक्षणाला जातात. उरलेली मुले, म्हणजे बौद्ध, मराठा, मातंग, धनगर आणि एकदोन मुसलमान, माझ्यापुढे बसतात. आमच्या तासाला वेळापत्रकात 'मूल्यशिक्षण' असे नाव दिलेले आहे. पस्तीस मिनिटांनी पुन्हा घंटा होते, गेलेली मुले परत येतात, त्याच बाकावर त्याच सोबत्याशेजारी बसतात आणि एकमेकांचे खोडरबर वापरू लागतात. वरवर पाहता काहीच घडलेले नसते. पण या पस्तीस मिनिटांनी माझ्यापुढे जो प्रश्न उभा केला आहे तो मला एकटीला सुटणारा नाही, म्हणून तो आपल्यापुढे ठेवीत आहे.

शाळा कॅथलिक धर्मभगिनींची आहे, मराठी माध्यमाची आहे व शासनाच्या अनुदानावर चालते. जिल्हा अहमदनगर; २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. या जिल्ह्यात प्रॉटेस्टंटांचे अमेरिकन मराठी मिशन १८३१ सालीच येऊन पोचले होते. कॅथलिक पंथाचे जेझुइट फादर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. आधी जर्मन, आणि पहिल्या महायुद्धानंतर स्विस. त्यांच्याकडे जे गेले ते बहुतेक महारवाड्यातले आणि मांगवाड्यातले लोक होते. पुढे १९५६ साली परमपूज्य बाबासाहेबांच्या मागे जे गेले तेही त्याच महारवाड्यातले. त्यामुळे आमच्याकडे एकाच भावकीत एक घर ख्रिस्ती आणि भिंतीला भिंत लागून असलेले दुसरे घर बौद्ध, असे सर्रास आढळते. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते तेव्हा ख्रिस्ती घरातली माणसे जातात आणि त्यांची गुरेढोरे त्या दोन दिवसांत बौद्ध घरातली माणसे सांभाळतात. अशा घरांतली मुले एका बाकावर बसतात, आणि गुरुवारी तिसऱ्या तासाला त्यांना कळते की आपण दोन आहोत.

माझे स्वतःचे आधी सांगते, म्हणजे माझ्या बोलण्यात कोठे झुकते माप पडले तर ते आपल्याला ओळखता येईल. माझे आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळी झाली की कोयता घेऊन निघत ते उन्हाळा लागेपर्यंत घर बंद असे. पोरे बरोबर नेली तर शाळा सुटणार, गावात ठेवली तर खायला कोण घालणार? म्हणून मला आठव्या वर्षी सिस्टरांच्या बोर्डिंगात ठेवले. तेथे मी वाचायला शिकले, वेळेवर जेवायला शिकले. एका रात्री मला ताप भरला तेव्हा कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवीत पहाटेपर्यंत जी बसली ती सिस्टर माझ्या जातीची नव्हती, माझ्या धर्माची नव्हती, माझ्या भाषेचीही नव्हती. ती केरळातून आलेली होती. आज आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी आहे आणि तिच्या मुळाशी ते बोर्डिंग आहे. हे ऋण आहे. ऋण डोक्यावर असताना धन्याची चिकित्सा करणे कठीण जाते, हे आपल्या समाजाला सांगायला नको.

त्याच बोर्डिंगात रोज संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना होई. सगळ्या मुली गुडघे टेकीत, मीही टेकी. मला कोणी बळजबरी केली नाही, कोणी हात लावला नाही, कोणी रागे भरले नाही. परंतु गुडघे न टेकणारी एकही मुलगी तेथे नव्हती, आणि आठ वर्षांच्या मुलीला तेवढी बळजबरी पुरते. घरी आमच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. सुटीत घरी आल्यावर मी आईला विचारले, "मी तिथे त्यांच्या देवाचे म्हणते, ते चालते का गं?" आई चुलीपुढे होती. मागे वळूनही न पाहता ती म्हणाली, "तोंडाने त्यांचे म्हण, मनात आपले ठेव. आणि शिकून घे."

आईला मी दोष देत नाही. जिच्यापुढे दुसरी शाळा नव्हती तिने मुलीला शाळेत टिकण्याची युक्ती सांगितली. पण पुढे स्वतः शिक्षिका झाल्यावर त्या युक्तीचा अर्थ मला उमगला. आमच्या फळ्यावर सुविचार असे की नेहमी खरे बोलावे. प्रत्यक्षात मी जे शिकले ते हे, की मनात नसलेले तोंडाने म्हटले की जेवण, झोप आणि शाळा सुरळीत चालते. सहा वर्षे मी हा धडा गिरवला. प्रार्थनांच्या पाठांतरात माझा नंबर पहिला येत असे.

तेव्हा प्रश्न असा की, जी शाळा श्रद्धेच्या पायावर उभी आहे तिने ती श्रद्धा नसलेल्या मुलाकडून काय मागावे? आणि श्रद्धा असलेल्या घरातले मूल सात वर्षांचे असताना जे म्हणते ती तरी त्याची श्रद्धा म्हणावी काय?

कॅथलिक चर्चने यावर काहीच विचार केलेला नाही असे समजणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर १९६५ मध्ये शिक्षणाविषयी एक जाहीरनामा संमत केला. मुलाचे पहिले शिक्षक आईबाप आहेत आणि कॅथलिक शाळेत स्वातंत्र्य व प्रेम यांनी भारलेले सामूहिक जीवन असावे, अशी त्यातील भूमिका आहे. त्याच वर्षी ७ डिसेंबरला धर्मस्वातंत्र्याविषयी दुसरा जाहीरनामा निघाला. श्रद्धेची कृती स्वभावतःच स्वतंत्र असते, तेथे सक्ती चालत नाही, असे त्यात मांडले आहे. इतकेच नव्हे, तर धर्मप्रसार करताना सक्तीचा वा अप्रामाणिक मार्गाचा वासही नसावा आणि गरीब व अशिक्षित माणसांशी वागताना ही काळजी विशेष घ्यावी, असेही बजावले आहे. हे वाचले तेव्हा मला वाटले, हे तर आमच्या बोर्डिंगासाठीच लिहिले आहे!

वयाचाही त्यांचा हिशेब आहे. पोप दहावे पायस यांनी १९१० साली असा निर्णय दिला की मुलाला सारासार कळू लागले, म्हणजे साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास, की त्याला पहिला ख्रिस्तप्रसाद द्यावा. त्यापूर्वी मुलांना बरीच वर्षे थांबावे लागे. म्हणून कॅथलिक प्राथमिक शाळेच्या आयुष्यात दुसरी-तिसरीचे वर्ष हे सर्वांत मोठे वर्ष असते. पांढरे कपडे, हातात मेणबत्ती, त्याआधी फादरांपुढे पापनिवेदन, आणि सगळा धर्मग्राम त्या एका दिवसासाठी गोळा झालेला. शाळा, चर्च आणि घर यांची गाठ त्या दिवशी बांधली जाते. त्या दिवशी मुलाला आपण कोणाचे तरी आहोत असे वाटते, ही काही लहान गोष्ट नव्हे. ज्यांना शतकानुशतके गावाने वेशीबाहेर ठेवले त्यांच्या मुलाला आपण एका मोठ्या समुदायाचे आहोत असे वाटणे, याची किंमत आपण तरी कमी लेखू नये.

पण त्या समुदायाच्या आतही जात शिरली, हे विसरता येत नाही. मिशनऱ्यांच्या कार्याची परखड चिकित्सा बाबासाहेबांनी केली आहे. ते लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात ते छापले. धर्मांतरितांमधील जातिभेद मिशनने मोडला नाही आणि मिशनच्या शिक्षणाचा लाभ अस्पृश्यांतून आलेल्या ख्रिस्त्यांपेक्षा वरच्या जातींनी अधिक घेतला, हा त्यांच्या टीकेचा गाभा होता. भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने २०१६ साली दलितांविषयीचे धोरण प्रसिद्ध केले तेव्हा चर्चमध्ये जातिभेद आहे हे त्यांनी स्वतःच कबूल केले. देशातल्या सुमारे १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित आहेत, असा आकडाही त्यात होता. म्हणजे ज्या देवापुढे सगळे सारखे गुडघे टेकतात त्या देवापुढून उठल्यावर सगळे सारखे नसतात. श्रद्धेने समुदाय आपोआप घडत नाही, याला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आता कायद्याकडे वळू. अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क संविधानाच्या तिसाव्या अनुच्छेदाने दिला आहे, आणि तो योग्यच आहे. पण अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाचे तिसरे कलम असे आहे की शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही धर्मशिक्षण घ्यायला वा उपासनेला हजर राहायला लावता येणार नाही; त्याची संमती हवी, आणि तो अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. कायदा उत्तम आहे. पण माझ्या वडिलांनी प्रवेशाच्या अर्जावर अंगठा उठवला तेव्हा त्यांनी नेमकी कशाला संमती दिली? त्यांनी भाकरीला, छपराला आणि पाटीला संमती दिली. ज्याच्यापुढे दुसरा दरवाजाच नाही त्याच्या होकाराला संमती म्हणायचे काय, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. ते शाळेच्या वागण्यातच शोधावे लागते.

केरळातील तीन भावंडांची हकिकत येथे आठवते. ती यहोवाचे साक्षीदार या पंथाची होती. शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहात, पण त्यांच्या श्रद्धेत बसत नसल्याने गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढले. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी त्यांना परत शाळेत घेण्याचा आदेश दिला. त्या मुलांची श्रद्धा मला पटत नाही. पण त्यांनी जे केले ते मला बोर्डिंगात सहा वर्षांत जमले नव्हते. मनात नाही ते तोंडाने म्हणायचे नाही, आणि दुसऱ्याचा अनादरही करायचा नाही. आदराने गप्प उभे राहण्याचीही एक रीत असते, हे मला कोणी शिकवलेच नव्हते.

अशी दोन तोंडे मुलाला शाळाच देते असे नाही, सरकारही देते. माझ्याकडे प्रवेशाच्या वेळी जनरल रजिस्टर भरण्याचे काम असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेले आलेले नाहीत. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. म्हणून भावकीतल्या दोन घरांची दोन पोरे एकाच सकाळी नाव घालायला येतात तेव्हा एकाचा बाप ताठ मानेने 'बौद्ध' असे सांगतो आणि दुसऱ्याचा बाप घुटमळतो. रविवारी जो मुलगा ख्रिस्तप्रसाद घेणार आहे त्याच्या नावापुढे तो 'हिंदू' लिहायला सांगतो. बापाची नजर खाली असते आणि पोरगे माझ्या टेबलाला टेकून सारे ऐकत असते. त्याच पोराला पुढे पापनिवेदनाच्या तयारीत सांगितले जाते की खोटे बोलणे पाप आहे! या खोट्याचे पाप कोणाच्या माथी मारायचे? बापाच्या माथी तर नव्हेच. मुलाच्या तोंडात एक आणि मनात एक असे दोन धर्म घालणारी व्यवस्था केवळ चर्चची नाही, एवढेच मला येथे सांगायचे आहे.

आता एक प्रसंग सांगते, ज्याने माझा स्वतःचा ग्रह मोडला. आमच्या तिसरीत दोन चुलत बहिणी आहेत, एक ख्रिस्ती घरातली, दुसरी बौद्ध घरातली. पहिलीच्या ख्रिस्तप्रसादाची तयारी सुरू झाली, घरात पांढऱ्या फ्रॉकचे कापड आले, आणि दुसरीने हट्ट धरला की मलाही फ्रॉक पाहिजे, मलाही मेणबत्ती पाहिजे. रडून रडून तिने जेवण सोडले. तिची आई कंटाळून माझ्याकडे आली व म्हणाली, "बाई, घेऊ द्या तिला पण. पोरीपोरींचं आहे, काय फरक पडतो?" मला धस्स झाले. मला वाटले, सिस्टरांना हे कळले तर त्या हातची संधी सोडणार नाहीत. दीडशे वर्षे आपण जी कुजबुज ऐकत आलो तीच माझ्याही कानात घुमत होती.

सिस्टरांना कळलेच. त्यांनी मुलीला समोर बसवून विचारले, "तुला काय हवे आहे?" मुलगी म्हणाली, "फ्रॉक." सिस्टर तिच्या आईला म्हणाल्या, "आधी स्नानसंस्कार लागतो. त्याच्या आधी शिकणे लागते. त्याच्याही आधी तुम्हा नवराबायकोने काय ते विचार करून ठरवणे लागते. फ्रॉकसाठी कोणी ख्रिस्ती होत नाही. मी तिला घेतले तर मीच खोटी ठरेन." आणि त्यांनी नकार दिला. मुलगी चिडली, दोन दिवस चुलत बहिणीशी बोलली नाही, मग बोलू लागली. समारंभाच्या दिवशी ती मागच्या बाकावर आपल्या काकूशेजारी, शाळेच्या गणवेशात बसली होती.

वाचकहो, मी त्या दिवशी खजील झाले. ज्या श्रद्धेने मला मुलगी असताना नकळत खोटे बोलायला लावले होते, तीच श्रद्धा अंगी बाणलेली एक बाई माझ्यापुढे खोटे घ्यायला नकार देत होती. श्रद्धेचा मान राखायचा तर ती खोट्या तोंडातून घ्यायची नाही, हे त्यांना कळले होते. मग हाच न्याय रोजच्या परिपाठाला का लागू नये? आमच्या परिपाठात राष्ट्रगीत होते, प्रतिज्ञा होते, संविधानाची उद्देशिका वाचली जाते. श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य आम्ही दोनशे तोंडांनी घोषित करतो, आणि त्यानंतर तीन मिनिटांत त्याच दोनशे तोंडांनी एकच प्रार्थना म्हणतो. हे मी सिस्टरांना बोलून दाखवले. त्या लगेच काही बोलल्या नाहीत. आठ दिवसांनी म्हणाल्या, "गुरुवारचे दोन्ही वर्ग महिन्यातून एकदा एकत्र बसवून पाहू. तुम्ही प्रश्न काढा."

मी साधा प्रश्न काढला. वर्गात रंगीत पेन्सिलींची डबी सापडली, कोणीही पाहिलेले नाही, तर ती परत का द्यायची? एक ख्रिस्ती मुलगा ताडकन उठून म्हणाला, "देव बघत असतो." फ्रॉकवाली मुलगी म्हणाली, "जिची हरवली ती रडत असेल." मागच्या बाकावरचा एक म्हणाला, "बाई, सापडलो तर मार बसेल." सगळे हसले. तेव्हा सिस्टरांनीच पहिल्या मुलाला विचारले, "आणि त्या वेळी देव दुसरीकडे बघत असला तर?" मुलगा गोंधळला. थोडा विचार करून म्हणाला, "तरी देईन. आपल्याच वर्गातल्या कुणाची तरी असेल ना." मग मी मुलीला विचारले, "आणि जिची हरवली ती रडत नसेल तर? तिच्याकडे दुसरी डबी असेल तर?" ती म्हणाली, "तरी तिचीच आहे ती."

मोठमोठ्या ग्रंथांत जो वाद चालतो तो त्या पस्तीस मिनिटांत आमच्या तिसरीने खेळून दाखवला. नीतीला ईश्वराचा आधार लागतो काय? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सांगितले की इतर धर्मांत जे स्थान ईश्वराचे आहे ते धम्मात नीतीचे आहे. मी हे मानते. पण त्या वर्गात मला आणखी एक गोष्ट दिसली. मुलांची कारणे वेगळी होती, डबी मात्र एकाच बाकावर परत जात होती. 'आपल्याच वर्गातल्या कुणाची' हे शब्द त्या मुलाला धर्मशिक्षणाच्या पुस्तकातून मिळाले नव्हते. ते एका बाकावर बसून, एका नळाला ओंजळ लावून, एका पातेल्यातली खिचडी खाऊन मिळाले होते. समुदाय तेथे आधीच झालेला होता, आणि श्रद्धा त्याला मागून नाव देत होती.

म्हणून कारणे गौण ठरतात असे मात्र नाही. माराच्या भीतीने जो डबी परत देतो तो कोणी नसताना खिशात घालील. पण त्याचे कारण मला कळले, कारण त्या दिवशी प्रत्येकाला आपले खरे कारण सांगता आले. सगळ्यांनी एका सुरात "देव बघतो" म्हणण्याची शिस्त असती तर त्या मुलानेही तेच म्हटले असते, आणि त्याच्या मनातली भीती आम्हाला कधीच दिसली नसती. जेथे सगळी तोंडे सारखी बोलतात तेथे शिक्षकाला मुलाचे मन दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्याला वळण कसे लावणार? पाठ केलेल्या श्रद्धेने देवाचे काय नुकसान होते ते मला ठाऊक नाही. शिक्षणाचे होते, हे मी खात्रीने सांगते.

यावर आपल्यापैकी काही जण म्हणतील, "मग मुलाला मोठे होईपर्यंत धर्माविना ठेवायचे काय? बी मातीवाचून रुजत नाही." हा आक्षेप खरा आहे. मुलाला भाषाही आपण न विचारताच देतो. पण भाषा देताना आपण त्याच्याकडून शपथ घेत नाही. शील आणि मत यांत फरक केला पाहिजे. वाटून खावे, मारू नये, दुसऱ्याचे घेऊ नये, खोटे बोलू नये, हे सातव्या वर्षी शिकवता येते. ते मूल त्याच दिवशी आचरून पाहू शकते. परंतु जग कोणी निर्माण केले, मरणानंतर काय होते, अमुकच मार्ग खरा, हे त्याच्याकडून कबूल करून घेणे म्हणजे ज्याची पारख करण्याचे वय नाही त्यावर सही घेणे होय. गोष्ट सांगा, सण दाखवा, प्रश्न विचारू द्या. सही मागू नका.

आणि आता आपल्या घराकडे पाहू. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली. त्यांच्यासारख्या विद्वानाने एकवीस वर्षे घेतली. गृहस्थांसाठी वेगळी धम्मदीक्षा नसणे ही मोठी उणीव होती, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. कारण समजून उमजून टाकलेले पाऊल त्यांना हवे होते. आपण त्यांची तिसरी-चौथी पिढी. आपली मुले बौद्ध कशी होतात? जन्माने होतात. कॅथलिकांत निदान मूल वयात येताना दृढीकरणाचा संस्कार आहे, तेथे ते स्वतःच्या तोंडाने होय म्हणते. आपण ती संधीही ठेवलेली नाही.

गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी आमच्या वस्तीच्या विहारात बालवर्गाचा कार्यक्रम होता. आमच्या मुलांबरोबर एक ख्रिस्ती पोरगा सोबत्यांच्या नादाने आला होता. आम्ही त्यालाही पुढे उभे केले, त्रिशरण म्हणायला लावले. त्याने ओठ हलवले. आम्ही कौतुकाने टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते. रात्री मला एकदम वाटले, घरी गेल्यावर याने आईला विचारले असेल, आणि ती चुलीपुढून म्हणाली असेल, "तोंडाने त्यांचे म्हण, मनात आपले ठेव." कालामांना तथागतांनी सांगितले होते की परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका. त्या तथागतांच्या विहारात आम्ही एका पोराला ओठ हलवायला शिकवले!

गेल्या जूनपासून आमच्या शाळेच्या परिपाठात प्रार्थनेच्या आधी एक वाक्य उच्चारले जाते: "ज्यांना म्हणायची आहे त्यांनी म्हणावी, बाकीच्यांनी शांत उभे राहावे." बाकी काही बदलले नाही. पहिल्या आठवड्यात एकही मूल गप्प राहिले नाही. सवय आणि धाक दोन्ही जुने आहेत. तिसऱ्या आठवड्यात चौथीतली एक मुलगी गप्प राहिली आणि इकडेतिकडे पाहू लागली. कोणी काही म्हणाले नाही. मग आणखी काही राहिली. काही बौद्ध मुले अजूनही म्हणतात, कारण त्यांना चाल आवडते. त्यांनाही कोणी अडवत नाही. आवाज थोडा कमी झाला आहे. मला वाटले होते सिस्टरांना वाईट वाटेल. त्या एवढेच म्हणाल्या, "आता जी म्हणतात, ती म्हणतात तरी."

आपल्यापैकी अनेकांची मुले मिशनच्या शाळांत आहेत, आणि तेथे ती शिकावीत अशीच माझी इच्छा आहे. आज रात्री जेवताना मुलाला विचारा, "प्रार्थनेच्या वेळी तू काय म्हणतोस? आणि मनात काय असते?" तो जे सांगेल ते ऐकून त्याच्यावर रागावू नका, त्याला युक्तीही शिकवू नका. शाळेत जा आणि शिक्षकांशी बोला. आणि आपल्या विहारातल्या बालवर्गात एखादे परके पोर आले तर त्याला आधी पाणी द्या, बसायला जागा द्या, आणि त्याला सांगा की म्हणायचे नसेल तर नुसते शांत बसले तरी चालते.